अहवालातून काढलेलं पान

ज्या भट्टीवर मी नोकरीची अठ्ठावीस वर्षं घालवली ती मी डोळ्यांनी एकदाच पाहिली. पाहिली नसती तर बरं झालं असतं.

नांदेडला अभियांत्रिकी महाविद्यालयात मी रसायन शाखा शिकवायची. संशोधनाचा विषय होता, मिथेनपासून हायड्रोजन काढणाऱ्या मेंब्रेन रिॲक्टरचं मॉडेलिंग. हे नाव उच्चारलं की पाहुणे चहाचा कप खाली ठेवून घरी जायची वेळ झाली म्हणायचे. आमच्या हिमायतनगरच्या आत्याला शेवटपर्यंत वाटत होतं की मी गॅस एजन्सीत आहे. सणाला गेले की ती कानाशी येऊन विचारायची, "माय, एखादी टाकी लवकर मिळंल का गं?" दोन-तीन वर्षं मी तिला समजावून सांगितलं. मग नाद सोडला आणि "बघते" म्हणायला लागले.

विषय तसा अवघड नाही. मिथेन म्हणजे शेणाच्या गॅसमध्ये असतो तोच. तो वाफेबरोबर तापलेल्या निकेलवरून नेला की त्यातला हायड्रोजन सुटतो. पण थोडा सुटला की गाडं अडतं. जेवढा सुटतो तेवढाच परत उलटा मिथेनमध्ये जायला लागतो. पुढं न्यायचं तर भट्टी आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवा, नाहीतर तयार होईल तसा हायड्रोजन बाहेर काढत राहा. लग्नाच्या पंगतीसारखं आहे. जेवलेली माणसं उठली तर पुढची बसणार. हायड्रोजनला असं उठवायचं काम पॅलेडियम नावाचा धातू करतो. त्याच्या पातळ थरातून हायड्रोजन तेवढा आरपार जातो, बाकी कुणाला वाट नाही. नळीवर हा थर चढवला की पाचशे अंशांतच काम भागतं. तो थर म्हणजे मेंब्रेन.

मी नळ्या बनवत नव्हते, त्याला लागणारी प्रयोगशाळा आमच्याकडं कधीच आली नाही. मी समीकरणं मांडायची. नळीत इंचाइंचाला कोणता वायू किती असेल हे कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायचं आणि परदेशातल्या एखाद्या लॅबच्या आकड्यांशी ताडून बघायचं. या धंद्यातही लबाड्या आहेत. नळीच्या तोंडाशी हायड्रोजन शून्य असतो आणि आमच्या सूत्रात तो छेदात बसलेला. शून्यानं भागायची वेळ आली की कॉम्प्युटर हातपाय गाळतो. म्हणून आम्ही सगळेच सुरुवातीला नसलेला हायड्रोजन चिमूटभर घालतो, दुधाला विरजण लावावं तसा. त्यानं उत्तर बिघडत नाही, पण कुणी चारचौघांत बोलतही नाही.

दुसरी गोष्ट मात्र एवढी निरुपद्रवी नव्हती. मॉडेलच्या पहिल्याच पानावर एक वाक्य असायचं: भट्टी स्थिर अवस्थेत आहे, काळानुसार काहीही बदलत नाही. हे एकदा मान्य केलं की निम्मी डोकेदुखी जाते. माझ्या सगळ्या लेखांत, सगळ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हे वाक्य आहे. मराठवाड्यात बसून मी ते इतकी वर्षं बिनदिक्कत लिहीत होते.

हायड्रोजनवर काम करते म्हटल्यावर माणसंही नमुनेदार यायची. जळकोटचे एक निवृत्त गुरुजी पाण्यावर चालणारी मोटारसायकल घेऊन विभागाच्या दारात उभे राहिले. टाकीत पाणी होतंच, पण सीटखाली पेट्रोलची बाटलीही होती. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "ते नुसतं सुरू करायपुरतं हाय. पुढं पाणीच वढतं." मी हसले नाही. चिमूटभर हायड्रोजनवाली मी, कोणत्या तोंडानं हसणार?

आता बळीरामकडं येते. हे सगळं त्याच्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

त्या काळात लातूरला क्लासेसचं पेव फुटलं होतं. बारावीला पोरं कुठून कुठून यायची, पत्र्याच्या हॉलमध्ये तीन-तीनशे बसायची. मी दर रविवारी पहाटेच्या एस.टी.नं नांदेडहून जाऊन रसायनशास्त्र शिकवायची. नियमात बसत नव्हतं, पण अर्धं कॉलेज जायचं. खरं सांगायचं तर मला तिथलं शिकवणं आवडायचं. कॉलेजात चाळीसातले दहा जण ऐकायचे, इथं तीनशेच्या तीनशे. फक्त तिथं रसायनशास्त्र शिकवायचं नव्हतं, उत्तर शिकवायचं होतं. मी पोरांना सांगायची, गणित सोडवत बसू नका, चारही पर्याय उलटे घालून बघा, जो बसेल तो उत्तर.

त्या गर्दीत एक पोरगा तास संपल्यावर यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, उत्तर तर बसलं. पण ते तसं कामून हाय?" तो बळीराम, किल्लारीच्या बाजूच्या एका गावचा. भूकंप झाला तेव्हा चौथीत होता. बाप आणि धाकटी बहीण ढिगाऱ्याखाली गेले, तो आणि आई वाचले. भूकंपानंतर आठवड्यानं कॉलेजची पोरं घेऊन मी त्या भागात गेले होते. देशभरातून आलेले कपडे रस्त्याकडेला ढिगानं पडले होते, त्यात कोट आणि टाय. शेतातली माणसं त्याकडं बघतही नव्हती. बळीराम तिथंच कुठंतरी पत्र्याच्या शेडमध्ये असणार. त्याच्यापाशी तो विषय मी कधी काढला नाही, त्यानंही एकदाच काढला.

पुढं तो नांदेडलाच शिकला आणि पीएच.डी.साठी माझ्याकडं आला. नावनोंदणीच्या दिवशी आईला घेऊन आला होता. ती खुर्चीवर बसेना. दाराशी उभी राहूनच म्हणाली, "बाई, ह्याला बाप न्हाई, बहीण न्हाई. मला तुमचं शिक्षण कळत न्हाई. तुमी हाव म्हणून सोडून राहिले. ध्यान ठिवा." मी म्हणाले, ठेवते.

बाहेरच्यांना आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यावा लागतो. त्यात अडचणींचा रकाना असतो, आणि त्या रकान्यात अडचण लिहायची नसते. 'काही नाही' लिहायचं. अडचण लिहिली की समिती प्रश्न विचारते, प्रश्न विचारले की मुदत लांबते, आणि मुदत लांबली की मार्गदर्शकाचं नाव खराब होतं. खाली मार्गदर्शकाचा शेरा असतो, 'समाधानकारक'. माझ्या हयातीत मी दुसरा शेरा लिहिलेला नाही, कुणाचा वाचलेलाही नाही. एका विद्यार्थ्यानं लग्न करून दुबई गाठली होती, त्याचीही प्रगती दोन वेळा समाधानकारक झाली.

बळीरामच्या तिसऱ्या अहवालाला एक पान जास्त होतं. अडचणींच्या रकान्यात त्यानं 'सोबतचं पान पाहावं' असं लिहिलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"मॅडम, आपलं मॉडेल बसून राहिलं, त्याच्याबद्दल म्हणणं न्हाई. पण लाईट गेल्यावर काय, हे त्याच्यात कुठंच न्हाई."

त्यानं हातानं हिशेब केला होता. विजेची भट्टी बंद पडली तर नळी पाऊण तासात तीनशे अंशांच्या खाली येते. त्या वेळी आत हायड्रोजन असेल तर पॅलेडियम तो पिऊन फुगतं आणि तडकतं. म्हणून भट्टी थंड होण्याआधी नळीतला हायड्रोजन नायट्रोजननं धुऊन काढायला हवा. पॅलेडियमचा हा स्वभाव पुस्तकात आहे, मलाही माहीत होता. पण माझी भट्टी कधी बंदच पडत नसल्यानं त्याचा मॉडेलशी संबंध आला नव्हता. बाहेर त्या वर्षी दिवसाला सहा-सहा तास भारनियमन चाललं होतं. आम्ही बोलत होतो तेव्हाही पंखा बंदच होता.

"आपण ज्या लॅबचे आकडे घेतलेत तिथं लाईट जात नाही," मी म्हणाले.

"ते त्यांचं झालं. आपल्याकडं लावायचं म्हणलं तर?"

"आपण लावत नाही, आपण मॉडेल करतो. यात काळ घातलास तर आणखी तीन वर्षं जातील."

तो म्हणाला, "आमच्या गावातबी समद्यायला घर स्थिरच वाटायचं, मॅडम. दीड-दीड हात रुंद भिंती होत्या."

माझा पारा चढला. "भूकंप मध्ये आणू नकोस," मी म्हणाले. हे मी त्याला बोलले. नंतर टाचणी काढली, ते पान बाजूला केलं, रकान्यात 'काही नाही' लिहायला लावलं आणि खाली शेरा मारला. पान मी फाडलं नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलं. तो अहवाल उचलून ऑफिसात देऊन आला.

पुढच्याच वर्षी शेठजी आले. लातूरला त्यांचा वनस्पती तुपाचा कारखाना. तेलाचं तूप करायचं तर निकेलच्या भुकटीबरोबर कढईत हायड्रोजन सोडावा लागतो. ते तो पाण्यातून विजेवर काढायचे, आणि वीज कधी असायची कधी नसायची. जवळच्या डिस्टिलरीत सांडपाण्यातून निघणारा मिथेन फुकट जळतो हे त्यांनी पाहिलं होतं, आणि कुठून तरी मेंब्रेनबद्दल ऐकलं होतं. माणूस मोठा उत्साही. परदेशातल्या पुतण्याकरवी पॅलेडियमच्या दोन नळ्या मागवूनच माझ्याकडं आले.

"मॅडमजी, किताबी बात मला समजत नाही. एकच सांगा, चालेल का नाही?"

इतकी वर्षं मला कुणी हे विचारलं नव्हतं. हुरळले मी. सगळे आलेख पसरून म्हणाले, "चालेल." कॉलेजच्या लेटरहेडवर दोन पानी अहवाल दिला, सोबत लागणाऱ्या सामानाची यादी दिली. यादी मॉडेलवरून केली होती, त्यामुळे तिच्यात भट्टी होती, पंप होते, वाफेचा बॉयलर होता. नायट्रोजनची टाकी नव्हती. बळीरामनं यादी टाइप केली. शेवटी एक ओळ मोकळी सोडून त्यानं माझ्याकडं बघितलं होतं. मी म्हणाले, "झाली ना? दे."

चाचणीसाठी मिथेन टाक्यांतून आणला होता. भट्टीवर बळीराम. दोन दिवस सगळं माझ्या आलेखाप्रमाणं चाललं, त्याचे फोन यायचे आणि आकडे ऐकून मी खोलीत एकटीच हसायची. तिसऱ्या दिवशी बघायला गेले. लोखंडी पेटीत हातभर लांबीची काळपट नळी. एवढीच ती. तरी मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले.

दुपारी तीनच्या सुमारास डोक्यावरचा पंखा मंदावला. कारखान्याचं जनरेटर सुरू झालं, पण ते कढया आणि पंपांपुरतं. भट्टीला जोडायला कुणी सांगितलं नव्हतं. बळीरामनं धावत जाऊन मिथेन बंद केला, जे करण्यासारखं होतं ते केलं. मग हातातल्या मीटरवर उतरणारा आकडा बघत उभा राहिला. साडेचारशे, चारशे, साडेतीनशे. एकदा त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसलं असतं. त्याला वाटत होतं, मॅडम काहीतरी उपाय सांगतील.

संध्याकाळी लाईट आली. भट्टी पुन्हा तापवली, दुसऱ्या दिवशी वायू तेलाच्या कढईत सोडला. नळी वरून अखंड दिसत होती, पण तिला केसासारखी चीर गेली होती. भट्टीत हायड्रोजनबरोबर तयार होणारा कार्बन मोनॉक्साइडही त्या चिरेतून गेला आणि त्यानं कढईतलं निकेल मारून टाकलं. तेल थंड झाल्यावर शेठजींनी त्यात बोट बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावरून तेल ओघळत होतं. "जमलंच नाही, मॅडमजी," ते म्हणाले. ओरडले नाहीत. त्यांनी कॉलेजला पत्र मात्र पाठवलं.

कॉलेजनं चौकशी समिती नेमली. विभागप्रमुख, कारखान्याचे एक इंजिनिअर आणि मार्गदर्शक म्हणून मी. विभागप्रमुखांनी केबिनचं दार लावलं. "बाई, मॉडेल चुकलं म्हणून लिहिलं तर तुमचे आजवरचे सगळे पेपर चुकले. विभागाचा हायड्रोजनचा प्रकल्प जातो, तुमची बढती जाते. चालकानं भट्टी बंद करायची रीत पाळली नाही, एवढं लिहून संपवू. पोरगं तरणं आहे, निभावून नेईल." भट्टी बंद करायची लेखी रीत अशी काही नव्हतीच. जी होती ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती. हे मला तिथं बसल्या बसल्या स्पष्ट दिसत होतं, मी गोंधळले वगैरे नव्हते. भ्याले होते. अहवालावर विभागप्रमुखांनी सही केली, इंजिनिअरनं केली आणि मग मी केली.

अहवाल गोपनीय. बळीरामला फक्त एका ओळीचं पत्र मिळालं, हलगर्जीपणामुळे प्रकल्पातून कमी करण्यात येत आहे. पत्र घेऊन तो माझ्याकडं आला.

"मॅडम, माझं ते पान हाय का तुमच्याकडं? ते दाखवलं तर त्यायच्या ध्यानात येईल. मी आधीच लिहून दिलं व्हतं."

ड्रॉवर माझ्या गुडघ्याशी होता.

"सापडत नाही रे," मी म्हणाले. "मी बोलून पाहिलं त्यांच्याशी. कुणी ऐकलं नाही."

त्यानं मान हलवली. मग वाकून पाया पडला. "तुमी तरी बोलल्या," म्हणाला. प्रकल्पातली जागा गेल्यावर त्याचा प्रबंधही तिथंच राहिला. महिन्याभरात त्यानं नांदेड सोडलं. नंतर कळलं, लातूरला क्लासमध्ये शिकवतो. आईला मी पुन्हा कधी भेटले नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेल्याचं कळलं, तेव्हाही माझ्याच्यानं जाववलं नाही.

मला बढती मिळाली. त्यानंतर मी भट्टीत काळ घालून नवं मॉडेल केलं, लाईट जाण्यापासून नळी तडकण्यापर्यंत सगळं त्यात होतं. बळीरामचा हातानं केलेला हिशेब कॉम्प्युटरच्या उत्तरापासून चार-पाच मिनिटांनीच हुकला होता. तो पेपर मी छापला नाही. छापला असता तर पहिलं नाव त्याचं घालावं लागलं असतं, आणि मग लोकांनी विचारलं असतं हा कोण, कुठं गेला. आता जिकडं तिकडं हायड्रोजनचं नाव निघतं. टीव्हीवर कुणी मेंब्रेन म्हटलं की मी चॅनल बदलते.

निवृत्तीनंतर घर आवरताना ते पान हाती आलं. म्हणजे कुठं आहे ते मला माहीतच होतं, पण आवरताना आलं असं म्हणायला बरं पडतं. गेल्या वर्षी मनाचा हिय्या केला आणि पान पर्समध्ये घालून लातूरला गेले. बळीरामचा आता स्वतःचा क्लास आहे, तीन मजली. दारावरच्या माणसानं मला थेट हॉलमध्येच नेलं. पाचशे तरी पोरं असतील. तो फळ्यापाशी होता, कानशिलं पांढरी झालेली. मला बघितलं, खडू ठेवला, माइक बाजूला करून खाली आला आणि सगळ्यांसमोर पाया पडला. मला हाताला धरून त्यानं वर नेलं.

"पोरांनो," तो माइकवर म्हणाला, "ह्या माझ्या मॅडम. माझ्यावर एकदा खोटा आळ आला होता. सगळं कॉलेज एकीकडं झालं. त्या वेळी माझ्या बाजूनं बोलणारं एकच माणूस होतं. तुमच्या आयुष्यात असा एक शिक्षक आला तरी लई झालं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाकावरच्या दोन मुली तर उभ्या राहिल्या. मी पर्सवर हात ठेवून उभी होते. तेव्हा मी काय केलं? हात जोडले. टाळ्या थांबेपर्यंत जोडून ठेवले. मग त्यानं चहा मागवला, मुलाचे फोटो दाखवले आणि एस.टी.पर्यंत सोडायला आला. निघताना म्हणाला, "मॅडम, काही लिहिलं तर कळवा. क्लासच्या वाचनालयात सगळे दिवाळी अंक येतात, मी सगळे वाचतो." पान पर्समध्येच घेऊन मी नांदेडला परत आले.

तेव्हा बळीराम, हे तू वाचशील. ते पान हरवलं नव्हतं, तू मागितलंस तेव्हा माझ्या गुडघ्याशी होतं. मी कुणाशी बोलले नव्हते. समितीच्या कागदावर तीन सह्या आहेत, तिसरी माझी आहे. पोरांनाही सांग.